घाटात ट्रक ओढेना? आधी सेन्सर खरं सांगतोय का ते तपासा

कुंभार्ली, आंबा, करूळ, आंबोली. कोकणातून माल वर न्यायचा तर यांसारखा एखादा घाट चढावाच लागतो, आणि चिऱ्यांनी भरलेली गाडी सहाशे-सातशे मीटर उंच नेताना इंजिनाचा कस लागतो. गाडी ओढेनाशी झाली की सल्ला ठरलेला असतो: सेन्सरच्या वायरीत एक रेझिस्टर टाक, नाहीतर तयार बॉक्स बसव, पिकअप वाढेल. दोन्ही उपायांमागची कल्पना एकच. इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, म्हणजे ईसीएमला, खोटी माहिती द्यायची, म्हणजे ते जास्त डिझेल सोडेल.

गाड्यांच्या धुराचे नियम कडक होत गेले: २०१७ च्या एप्रिलपासून देशभर बीएस ४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ लागू झालं. आज रस्त्यावर धावणाऱ्या नव्या ट्रकमध्ये किती डिझेल, किती दाबाने आणि नेमकं कधी सोडायचं हे ईसीएम ठरवतं. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांचा विषय वेगळा, तो इथे नको. पण कॉमन रेल गाडी (जिच्यात एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, दाबाखाली साठवलेलं डिझेल सगळ्या इंजेक्टरना जातं) खाऱ्या हवेत काही वर्षं फिरलेली असेल, तर तिचे सेन्सर आधीच चुकीचे आकडे पाठवत असू शकतात. त्यात आणखी एक खोटा आकडा घालण्यापेक्षा आहेत ते आकडे खरे केले, तर गेलेली ताकद बऱ्याचदा परत येते.

आधी तापमानाचे सेन्सर बघू, कारण रेझिस्टरचा खेळ तिथेच सर्वांत सोपा आहे. पाण्याचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरमध्ये थर्मिस्टर असतो. तापमान वाढलं की त्याचा रोध घटतो. सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका प्रकारात २० अंशांना रोध सुमारे २,५०० ओहम असतो, ५० अंशांना ८३०, ८० अंशांना ३२० आणि १०० अंशांना १८६ च्या आसपास. ईसीएम ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर व्होल्टेज मोजतं आणि आपल्या तक्त्यातून तापमान काढतं. आता ५० अंशांची हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या वायरीत सुमारे १.७ किलोओहमचा रेझिस्टर घातला, तर एकूण रोध २,५०० होतो. ईसीएमला वाटतं हवा २० अंशांची आहे.

गार हवा दाट असते. निरपेक्ष तापमानात मांडलं तर ३२३ भागिले २९३, म्हणजे ईसीएमच्या हिशेबात हवा प्रत्यक्षापेक्षा १० टक्के जास्त भरते आणि तेवढ्याच जादा डिझेलला परवानगी मिळते. सिलिंडरमध्ये ती जादा हवा नसते. डिझेल पूर्ण जाळायला वजनाने साधारण साडेचौदा पट हवा लागते, आणि धूर टाळायचा तर पूर्ण लोडवर अठरा-वीस पट हवी. हे प्रमाण खाली आलं की उरलेलं डिझेल काजळी होऊन बाहेर पडतं आणि एक्झॉस्टचं तापमान चढतं. ड्रायव्हरला थोडा जोर जाणवतो हे खरं, पण त्याची किंमत पिस्टन आणि टर्बो मोजतात. पाण्याच्या सेन्सरवर हाच प्रयोग केला तर धोका आणखी मोठा. इंजिन ९५ अंशांवर असताना ईसीएमला ८० दिसत असेल, तर ईसीएमच्या हुकमावर चालणारा फॅन उशिरा लागतो. इंजिन फार तापल्यावर आपोआप ताकद कमी करणारं संरक्षणही उशिराच जागं होतं. लांब चढावर तेवढा उशीर हेड गॅस्केट जायला पुरेसा आहे.

बाजारात मिळणारे स्वस्त बॉक्स बहुधा रेल प्रेशर सेन्सरच्या मधे बसतात. समजा सेन्सर ० ते १,८०० बार मोजतो आणि त्यासाठी ०.५ ते ४.५ व्होल्ट देतो. म्हणजे एक व्होल्टला ४५० बार. रेलमध्ये १,४०० बार असताना सेन्सर ३.६१ व्होल्ट पाठवतो. बॉक्सने त्यातून ०.३ व्होल्ट कापले की ईसीएमला १३५ बार कमी दिसतात आणि ते पंपाला दाब वाढवायला लावतं. प्रत्यक्ष दाब १,५३५ बारवर जातो. इंजेक्टरमधून जाणारं डिझेल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं, त्यामुळे दाब जवळजवळ १० टक्के वाढूनही डिझेल वाढतं जेमतेम पावणेपाच टक्के. तेवढ्यासाठी पंप, पाइप आणि इंजेक्टर कायम जादा दाबाखाली राहतात. पूर्ण लोडवर दाब आधीच कमाल मर्यादेजवळ असतो. तिथे भर पडली की रेलवरचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह उघडू शकतो, आणि एकदा उघडलेला हा व्हॉल्व्ह पुढे नीट बसेलच असं नाही. मग गाडी स्टार्टिंगलाही त्रास देते.

बूस्ट सेन्सरला, म्हणजे टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरला, फसवण्याचा प्रयत्न तर अनेकदा उलटाच पडतो. दाब कमी दाखवला की ईसीएम टर्बोला जास्त फिरवायला बघतं, आणि त्याच वेळी हवा कमी आहे असं समजून धूर टाळण्यासाठी डिझेलही कापतं. टर्बो मर्यादेबाहेर फिरतो, गाडी मात्र आणखी जड वाटते. अॅक्सिलरेटरच्या वायरीत बसणाऱ्या पेडल बॉक्सबद्दल एवढंच की तो फक्त पेडल लवकर दाबल्याचा भास देतो. पूर्ण दाबलेल्या पेडलला इंजिनाची ताकद जेवढी होती तेवढीच राहते.

बीएस ६ गाडीत जादा काजळी सायलेन्सरमधल्या फिल्टरमध्ये साठते. ती जाळायला साधारण ६०० अंश तापमान लागतं. मर्यादेपेक्षा जास्त काजळी एकदम पेटली तर सिरॅमिकचा फिल्टर तडकतो. कायद्याची बाजूही डोळ्यांसमोर असू द्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने दिलेल्या तपशिलांशी न जुळणारे बदल गाडीत करायला मनाई करतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीत बदललेल्या कलम १८२ अ नुसार कायद्यात न बसणाऱ्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

आता जे हाताने करण्यासारखं आहे, आणि खरोखर करायलाच हवं, ते बघू.

किनाऱ्यावर सेन्सर स्वतः क्वचितच मरतो, मरतो त्याचा कप्लर, म्हणजे वायर जोडणारा प्लग. खारी हवा, पावसाळ्याचे चार महिने, आणि मासळीच्या गाडीत तर बर्फाचं खारट पाणी चासीवरून सतत वाहत असतं. कप्लरचं रबरी सील एकदा कडक झालं की पिना हिरव्या पडायला लागतात. त्या हिरव्या थराचा रोध वायरीत भर घालतो, म्हणजे कुणी मुद्दाम न लावता तिथे रेझिस्टर बसलेला असतो. समजा तो १०० ओहम आहे. सकाळी २० अंशांना २,५०० चे २,६०० होतात आणि तापमान जेमतेम एक अंशाने चुकतं. पण इंजिन ८० अंशांवर गेलं की ३२० चे ४२० होतात आणि ईसीएमला ७१ अंश दिसतात. हा दोष गॅरेजमध्ये गार इंजिनावर सापडत नाही, घाटात गरम झाल्यावरच उघडा पडतो. म्हणून दोन वेळा तपासा. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी चावी टाकून स्कॅनरवर (ईसीएममधले आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर) पाणी, हवा आणि डिझेलचं तापमान बघा. तिन्ही आकडे दोन-तीन अंशांच्या आत जुळले पाहिजेत. मग इंजिन गरम झाल्यावर थर्मोस्टॅटच्या घराजवळ इन्फ्रारेड थर्मामीटर धरून पाण्याचा आकडा ताडून बघा.

दाबाच्या सेन्सरसाठी कोकणासारखी जागा नाही, कारण आपण समुद्रसपाटीला आहोत. चावी चालू, इंजिन बंद, अशा स्थितीत बूस्ट सेन्सरने बाहेरच्या हवेचाच दाब दाखवला पाहिजे, म्हणजे १०० किलोपास्कलच्या आसपास. पावसाळ्यात किंचित कमी. आंबोलीला वर पोचल्यावर तोच आकडा ९३ च्या जवळ यायला हवा. रत्नागिरीच्या बंदरावर उभी गाडी ९० दाखवत असेल, तर सेन्सर किंवा त्याची वायर चुकते आहे. त्यासाठी स्कॅनरशिवाय वेगळं यंत्र लागत नाही.

स्कॅनर घेताना एक काळजी घ्या. बहुतेक मोठे ट्रक २४ व्होल्टचे असतात आणि त्यांची भाषा जे-१९३९ ही असते. मोटारीसाठी मिळणारा स्वस्त ब्लूटूथ अडॅप्टर १२ व्होल्टसाठी बनवलेला असतो. तो मोठ्या ट्रकला लावू नका, जळण्याची शक्यता असते. छोट्या पिकअपला बहुधा चालतो.

आकडा चुकत असेल तर बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि कप्लर उघडा. पिनांवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून मऊ ब्रशने घासा. पॉलिश पेपर अजिबात नको, कारण पिनेवरचा कथलाचा किंवा सोन्याचा पातळ मुलामा निघून जातो आणि खाली उरलेलं उघडं पितळ पुढच्या पावसात आणखी लवकर सडतं. वाळल्यावर सीलला सिलिकॉनच्या डायइलेक्ट्रिक ग्रीसचं पातळ बोट फिरवा. कप्लर ग्रीसने भरून टाकू नका, नाहीतर तो पूर्ण बसत नाही. मोजमाप घेताना वायरीच्या आवरणाला सुई टोचायची सवयही सोडा. त्या भोकातून खारं पाणी आत शिरतं, तांबं हातभर लांबीपर्यंत काळं पडतं आणि वरून वायर नवी दिसत राहते. प्रोब कप्लरच्या मागच्या बाजूने, वायरीला समांतर सरकवा.

बूस्ट सेन्सर इनटेक मॅनिफोल्डवरून काढला की टोकावर काजळी आणि तेलाचा चिखल बसलेला दिसतो. भोक बुजलं की सेन्सरला दाब उशिरा कळतो. टर्बोने हवा दिलेली असते, पण ईसीएम ती यायची वाट बघत डिझेल अडवून धरतं. वळणावरून बाहेर पडताना गाडी उठत नाही, ती यामुळे. टोकावर सेन्सर क्लीनरचे तीन-चार फवारे मारा, टोक खाली करून पंधरा-वीस मिनिटं वाळू द्या आणि ओ-रिंग चिरलेली असेल तर बदला. कार्ब्युरेटर क्लीनर, तार आणि कॉम्प्रेसरची हवा या तिन्हींनी आतली पातळ पट्टी आणि तिच्यावरचं जेल खराब होतं. बोल्ट हलकाच आवळा, कारण सेन्सरचं प्लास्टिक चटकन तडकतं.

अर्थिंगचं काम सर्वांत दुर्लक्षित राहतं. इंजिन चालू आणि हेडलाइट लावलेले असताना मल्टिमीटरचा एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरा इंजिन ब्लॉकवर ठेवा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर इंजिनाला अर्थ देणारा पट्टा काढून दोन्ही टोकं चकचकीत करा किंवा नवा पट्टा टाका. या एका गंजलेल्या बोल्टमुळे सगळ्या सेन्सरचे आकडे एकदम हलू शकतात, आणि मग एकामागून एक चांगले सेन्सर बदलले जातात.

याच फेरीत टर्बोतून येणारी गरम हवा गार करणारा इंटरकूलरही धुऊन घ्या. चिरेखाणीची लाल धूळ आणि मीठ मिळून त्याच्या जाळीवर घट्ट थर बसतो. हवा ५० ऐवजी ७० अंशांनी इंजिनात गेली तर वजनाने सहा टक्के कमी जाते, म्हणजे बॉक्स लावून जेवढं मिळवायचं त्याहून जास्त इथे गेलेलं असतं. पाणी मागून पुढे, हलक्या दाबाने मारा. होजचे क्लॅम्पही बघा. तेलाचा ओला डाग जिथे दिसेल तिथून हवा गळते.

हाय प्रेशर पाइपला मात्र घरी हात लावू नये. चालू इंजिनावर तो सैल केला तर हजार बारच्या वरचं डिझेल कातडी भेदून आत शिरतं, आणि वरून बारीक दिसणाऱ्या त्या जखमेने बोट गमवायची वेळ येऊ शकते.

सगळं झाल्यावर तोच घाट, तेवढाच लोड आणि तोच गिअर ठेवून स्कॅनरवर बूस्ट आणि रेलचा दाब बघा, आकडे वाचायला शेजारी दुसरा माणूस बसवा. बूस्ट ईसीएमच्या मागणीइतका येत असेल पण रेलचा खरा दाब मागणीपेक्षा शंभर बारहून जास्त मागे राहत असेल, तर दोष सेन्सरचा समजू नका. डिझेल फिल्टर बदला, वॉटर सेपरेटरमधलं पाणी सोडा, आणि तरीही दाब येत नसेल तर पंप आणि इंजेक्टर तपासायला द्या. रेलचा दाब बरोबर आणि बूस्ट कमी असेल, तर टर्बोचा दाब कमी-जास्त करणारा अॅक्च्युएटर आणि होज पुन्हा बघा. दोन्ही बरोबर असूनही गाडी ओढत नसेल, तर भरलेला माल काट्यावर तोलून बघा.