गोव्यातले जुने संगणक आणि त्यांना जपणारे हात

जुने संगणक जमवून ते पुन्हा चालते करण्याचा छंद पश्चिमेकडे घराघरांतून सुरू झाला. 1977 चा ॲपल टू, 1982 चे झेडएक्स स्पेक्ट्रम आणि कमोडोर 64 ज्या मुलांनी वापरले, तीच पुढे मोठी होऊन माळ्यावरची यंत्रं खाली उतरवू लागली. अमेरिकेत 1997 मध्ये पहिला व्हिंटेज कॉम्प्युटर फेस्टिव्हल भरला.

आपल्याकडे घरात संगणक असलेलं बालपण विरळाच. आयबीएमने 1978 मध्ये देश सोडला होता आणि आयातीवर जबर कर होता. नोव्हेंबर 1984 च्या संगणक धोरणानंतर सुटे भाग आणून इथे जुळणी करणं सोपं झालं. त्याच सुमारास केंद्राच्या ‘क्लास’ प्रकल्पातून देशातल्या निवडक शाळांना 32 केबी मेमरीचे बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक मिळाले. एरवी संगणक दिसायचा तो बँकेत, कचेरीत, छापखान्यात. म्हणून इथल्या हौशी माणसाच्या हाती येतात ते मुख्यतः 286, 386 प्रोसेसरचे पीसी आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, तेही भंगारवाल्याकडून.

यात गोव्याचं एक वेगळेपण आहे. सत्तरी तालुक्यातल्या भुईपालला झेनिथचा संगणकांचा कारखाना होता आणि वेर्ण्याला डी-लिंकची नेटवर्किंगची उपकरणं तयार होत. तेव्हा यातला काही माल आपल्याच मातीत जुळवलेला आहे, आणि तो जपायला एवढं कारण मला पुरतं. 2000 नंतर गोवा सरकारच्या सायबरएज योजनेतून अकरावीच्या विद्यार्थ्यांच्या घरी संगणक पोचले. नेमक्या त्याच काळात जगभर सदोष इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे नळकांड्यासारखे छोटे भाग) मदरबोर्डांवर बसत होते. डोकं फुगलेला कपॅसिटर दिसला की तो बदलल्याशिवाय वीज द्यायची नाही, हा पहिला नियम.

त्याआधीच्या 386 आणि 486 बोर्डांचा शत्रू म्हणजे घड्याळ चालू ठेवणारी निकेल-कॅडमियम बॅटरी. ती पाझरते आणि तिचा अल्कलीयुक्त द्रव तांब्याच्या रेषा खातो. बॅटरी आधी कापून काढायची, डाग पांढऱ्या व्हिनेगरने पुसायचे, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन बोर्ड पूर्ण वाळवायचा. पुण्यात हे काम रेंगाळलं तर चालेल, पण किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत नाही. पावसाळ्यात फ्लॉपीवर बुरशी धरते, आणि अशी एक फ्लॉपी घातली की ड्राइव्हचं हेडही घाण होतं. नंतर चांगली फ्लॉपी घातली तरी तिच्यावर चरे पडतात.

मला या छंदात सगळ्यात मोलाचा वाटतो तो मराठीचा धागा. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं काम पुढे पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने जिस्ट कार्डाच्या रूपाने बाजारात आणलं. पीसीच्या खाचेत हे कार्ड बसवलं की डॉस या विंडोजआधीच्या प्रणालीतल्या साध्या मजकुराच्या प्रोग्रॅमांत देवनागरी उमटायची. त्यामागची इस्की ही संकेतप्रणाली 1991 मध्ये राष्ट्रीय मानक झाली आणि आज सगळीकडे चालणाऱ्या युनिकोड या संकेतप्रणालीची देवनागरीही तिच्याच 1988 च्या आवृत्तीवर बेतलेली आहे. त्यामुळे इस्कीतला मजकूर आजही युनिकोडमध्ये आणता येतो.

खरी अडचण नंतरच्या विंडोजवरच्या मजकुराची. प्रत्येक कंपनीच्या फाँटची मांडणी वेगळी, आणि कित्येक मराठी डीटीपी (पानं जुळवण्याची) पॅकेजं प्रिंटरच्या पोर्टात कुलूप, म्हणजे नक्कल रोखणारा छोटा डोंगल, लावल्याशिवाय उघडतच नसत. या काळात जुळवलेली देवस्थानांची स्मरणिका, नाट्यमंडळाची पुस्तिका, गावचा दिवाळी अंक यांच्या मूळ फाइली जशा होत्या तशा उघडायच्या तर समांतर (प्रिंटरचं) पोर्ट असलेला चालू संगणक, ते पॅकेज आणि ते कुलूप, तिन्ही लागतात. नव्या संगणकावर जुन्याची नक्कल करणाऱ्या एमुलेटरला हे कुलूप सहजासहजी फसवता येत नाही.

1 मे 2012 पासून ई-कचऱ्याचे नियम लागू झाले आणि पर्यावरणासाठी ते हवेच होते. पण अधिकृत पुनर्वापर केंद्रात गेलेला संगणक सुटा होऊन धातूच्या ढिगात जातो. तेव्हा म्हापशात, फोंड्यात किंवा मडगावात एखादा जुना छापखाना आवरत असेल, तर संगणक गाडीत चढण्याआधी मागच्या पोर्टात कुलूप राहिलंय का, खाचेत जिस्ट कार्ड आहे का, ते पाहा, आणि हार्ड डिस्क तेवढी काढून ठेवा.