अनुरक्षण (कोल्हापूर)

बालगृहात वाढलेल्या मुलामुलीला १८ पूर्ण झाल्यावर स्वतःच्या पायावर उभं राहीपर्यंत जी साथ मिळते तिला कायद्यात अनुरक्षण म्हणतात, बोलताना सगळे आफ्टरकेअरच म्हणतात. कोल्हापुरात जुनी माणसं अजून सरसकट 'रिमांड होमची पोरं' म्हणतात, ते चुकीचं आहे, कारण यातली बरीच पोरं अनाथ किंवा घर सुटलेली असतात, गुन्ह्याशी त्यांचा संबंध नसतो.

मूळ कुठलं यावर दोन मतं दिसतात. काहीजण शाहू महाराजांच्या बोर्डिंगांपर्यंत मागं जातात, १९०१ चं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग वगैरे. पण ती सोय शिकणाऱ्या मुलांची होती आणि बहुतेकांना सुट्टीत परतायला गाव होतं, म्हणून संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाल्यावर मुंबईच्या बाल अधिनियमामागोमाग ही कल्पना इथं आली असावी, हे जास्त पटतं.

वयाचा घोळ मात्र मोठा. १९८६ च्या बाल न्याय कायद्यात मुलगा १६ पर्यंत आणि मुलगी १८ पर्यंत अल्पवयीन, २००० मध्ये दोघांना १८ झालं आणि सतरा ओलांडून आफ्टरकेअरला गेलेल्याला २० पर्यंत राहता यायचं, २०१५ च्या कायद्यानं १८ ते २१ असा काळ धरला आणि २०१६ च्या आदर्श नियमांनी अपवाद म्हणून आणखी २ वर्षं दिली. त्यामुळं कुणी मर्यादा २१ सांगतं, कुणी २३. नियम नीट वाचले तर २३ पर्यंत वाट आहे आणि ती पोरांना आधीच सांगायला पाहिजे, बाहेर पडल्यावर कोण सांगणार?

पैशाचं म्हणाल तर मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेत महिन्याला ४००० रुपये आहेत. राज्यानं २०१८ पासून अनाथांना १ टक्का आरक्षण दिलं, त्याला अनाथ प्रमाणपत्र लागतं, ते संस्थेत असतानाच हातात पडलं तर पुढची धावपळ वाचते.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फाउंड्रीत काम मिळतं, राजारामपुरीत कॉट बेसिसवर जागा आणि मेसही मिळते, पण आधी डिपॉझिट लागतं आणि रूममालक पहिल्यांदा विचारतो, "गाव कुठलं, घरी कोण कोण असतं?" आधारवर पत्ता संस्थेचा असतो. आयटीआयच्या फॉर्मवर पालकाच्या रकान्याशी पेन थांबतं, मग पोरगं संस्थेतल्या ताईंना फोन लावतं, "ताई, तुमचं नाव लिहू का?"