दिलीप प्रभावळकर: चेटकिणीपासून आबांपर्यंत

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं, तेव्हा पडद्यासाठी नट घडवणारी वेगळी शाळा नव्हती. नाटकातलीच मंडळी स्टुडिओत गेली. दिलीप प्रभावळकर (जन्म १९४४) त्यांच्यापैकीच. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यात त्यांनी चक्क चेटकीण रंगवली होती. स्वतःला पार लपवून वेगळाच माणूस उभा करायचा, ही खोड तेव्हापासूनची.

ते घराघरांत पोचले मात्र दूरदर्शनवरच्या चिमणरावामुळे. चिं. वि. जोशींचा हा मानसपुत्र वाचकांनी मनात केव्हाच रंगवून ठेवलेला, त्यामुळे नटाची परीक्षा अवघड होती. किरकोळ अंगाचे प्रभावळकर आणि त्यांच्याशेजारी गुंड्याभाऊ झालेले बाळ कर्वे, ही जोडी अशी जमली की पुढे पुस्तक वाचतानाही हेच दोघे डोळ्यांपुढे येऊ लागले.

अशी लोकप्रियता नटाला एका साच्यात अडकवते. प्रभावळकरांनी त्यावर उतारा शोधला तो रंगमंचावर, आणि तोही स्वतःच्या लेखणीतून. ‘हसवाफसवी’त सहा भूमिका एकट्याच्या. एक पात्र विंगेत गेलं की रंगपटात विग, पोशाख, रंगभूषा बदलायची आणि काही मिनिटांत आवाज-चालीसकट दुसराच इसम होऊन परतायचं. त्यातली दीप्ती हशा वसूल करते, पण माझ्या मते नाटकाचा खरा जीव जुन्या संगीत रंगभूमीवरचे थकलेले नट कृष्णराव हेरंबकर यांच्यात आहे. नकलेच्या पलीकडचं काम आहे ते.

खासगी वाहिन्या आल्यावर तोच लेखक-नट पुन्हा छोट्या पडद्यावर आला. त्यांच्याच ‘अनुदिनी’ या डायरीवजा लेखनावर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका बेतली होती. केदार शिंदेंच्या दिग्दर्शनात ती २००१पासून अल्फा मराठीवर (आताची झी मराठी) चालली. सत्तरी ओलांडलेले आबा साकारताना प्रभावळकर सत्तावन्न वर्षांचे होते! कटकारस्थानांना फाटा देऊन एका मध्यमवर्गीय घरातल्या तीन पिढ्यांच्या कुरबुरींवर अख्खी मालिका तोलली गेली. आजच्या मालिका पाहता हे धाडसच म्हणायचं.

सिनेमात याच नटाने ‘झपाटलेला’मध्ये तात्या विंचू केला आणि ‘लगे रहो मुन्नाभाई’मध्ये गांधीजी. २००६ सालासाठी सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना याच गांधीजींसाठी आणि मराठी ‘शेवरी’साठी मिळाला. ‘हसवाफसवी’तल्या सहाही भूमिका पुढे पुष्कर श्रोत्री यांनी अंगावर घेतल्या.