कोल्हापूरचे जुने आकडे वाचायच्या आधी

१९०१ च्या खानेसुमारीत कोल्हापूर संस्थानची लोकसंख्या ९,१०,०११ आणि नुसत्या शहराची ५४,३७३. २०११ ला जिल्हा ३८,७६,००१. बरेच जण हे आकडे शेजारी ठेवतात आणि चौपट झाली म्हणून मोकळे होतात, पण तो हिशेब बसत नाही हो, कारण संस्थान वेगळं आणि आजचा जिल्हा वेगळा. रायबाग तेव्हा संस्थानात होतं, आज बेळगाव जिल्ह्यात आहे, आणि चंदगड १९५६ ला बेळगावातनं आपल्याकडं आलं. म्हणून आधी हद्द बघायची, मग आकडा.

दुसरं म्हणजे हे सगळं मोजलं कुणी आणि कशासाठी. उत्तर बहुतेक वेळा एकच, सारा, म्हणजे जमिनीवरचा कर. संस्थानच्या कारभारात इंग्रजांचं लक्ष वाढलं तसं माहिती गोळा करायचं कामही वाढलं, मेजर ग्रॅहमचा कोल्हापूरवरचा रिपोर्ट १८५४ चा आणि मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधला कोल्हापूरचा खंड १८८६ चा. पण खरी माहिती त्याच्याही खाली, गावच्या दप्तरात. ३३ फुटी साखळीनं जमीन मोजायची, एक साखळी लांब एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर, तो हिशेब आपण अजून वापरतोच. मग मातीची प्रत आण्यांत लावायची, चांगली खोल काळी जमीन १६ आणे, आणि उतार, चुनखड, वाळू असे दोष निघाले की प्रत खाली. त्यावर आकार, म्हणजे त्या जमिनीचा सारा ठरायचा. पिकाचीही आणेवारी, म्हणजे किती आणे पीक आलं ते, तीही नजरेच्या अंदाजानं, त्यामुळं दुष्काळात अमुक आणे पीक असं लिहिलेलं असेल तर ते वजनकाट्यावरचं उत्पादन समजू नका, त्यावर साऱ्याची सूट अवलंबून असायची, म्हणजे लिहिणाऱ्यावर दोन्ही बाजूंनी दबाव.

लिहिणारा कोण हेही महत्त्वाचं. गावचं दप्तर पिढ्यान्‌पिढ्या वतनदार कुलकर्ण्याकडं असायचं. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये ते वतन बंद करून पगारी तलाठी नेमले, आणि मला वाटतं कोल्हापूरच्या रेकॉर्डच्या इतिहासात याच्याएवढा मोठा बदल दुसरा नाही, कारण गावाचा कागद एका घराण्याच्या हातातनं सुटून सरकारी नोकराकडं गेला. त्याच्या आधीची आणि नंतरची नोंद एकाच तागडीत तोलू नये.

संस्थानचा १९०१ चा तो लोकसंख्येचा आकडा १८९१ पेक्षा किंचित कमी आहे. मधल्या दहा वर्षांत १८९६ आणि १८९९ चे दुष्काळ आणि प्लेग येऊन गेला, आणि एरवी वाढायला हवी होती ती लोकसंख्या तिथल्या तिथं राहिली. किती घरं उद्ध्वस्त झाली असतील याचा अंदाज त्या एका ओळीवरनं येतो.

आज संस्थानचं दप्तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहे, त्यातलं बरंच मोडीत. २०२३ ला कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली, ती चांगली गोष्ट, पण पीकपाणी आणि जमिनीचे कागद वाचायलाही माणसं लागतील.

शोधताना एक करा, आजचा तालुका धरून बसू नका. संस्थानात पेटे, म्हणजे तालुक्यासारखे विभाग होते, करवीर, पन्हाळा, शिरोळ, गडहिंग्लज, भुदरगड, आणि हातकणंगलेच्या भागातलं गाव असेल तर ते आळते पेट्यात बघा.