अमेरिकेत नुसत्या मालकीवर पीक अनुदान मिळते का?

अमेरिकेतील ग्रामीण काउंटीत (जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागात) शेतजमीन नावावर असली की सरकार दरवर्षी ठरावीक रक्कम देते, हा जुना समज आज खरा नाही. बाजारभावाशी संबंध नसलेली थेट देयके २०१४ च्या कृषी कायद्याने बंद झाली. आता पिकाचा देशपातळीवरील सरासरी भाव कायद्याने ठरवलेल्या संदर्भभावाखाली गेला, किंवा काउंटीतील पिकाचे पैशातील उत्पन्न (उत्पादन गुणिले भाव) हमी पातळीखाली घसरले, तरच हे अनुदान मिळते आणि तीही सहसा मूळ क्षेत्राच्या, म्हणजे पूर्वीच्या पेरणीवरून त्या पिकासाठी नोंदलेल्या क्षेत्राच्या, ८५ टक्क्यांवरच. जमीन रोख खंडाने दिलेली असेल, तर हे पैसे जोखीम उचलून ती कसणाऱ्याला मिळतात, मालकाला नव्हे. दुर्दैवाने हीच महत्त्वाची बाब सर्वाधिक दुर्लक्षित राहते. ज्या पिकासाठी अनुदान मिळते, तेच पीक त्या वर्षी पेरण्याची अट मात्र आजही नाही, त्यामुळे गैरसमजाला जागा उरते.