बंगलो

बंगलो : भोवती मोकळे आवार असलेल्या, स्वतंत्र व बहुधा एकमजली घरासाठी इंग्रजीत रूढ असलेला शब्द. मराठीत ‘बंगला’ आणि ‘बंगलो’ ही दोन्ही रूपे चालतात. ब्रिटिश इंग्रजीत एकमजलीपणा हेच या शब्दाचे मुख्य लक्षण मानले जाते. मराठीत मात्र दुमजली घरही बंगलाच ठरते.

‘बंगला’ म्हणजे मुळात ‘बंगालचा’, ‘बंगाली धर्तीचा’, याबद्दल दुमत नाही. मतभेद आहे तो या विशेषणाचे नाम कोठे झाले आणि ते इंग्रजीत कोणत्या वाटेने गेले, याविषयी. इंग्रजीतील पहिला उल्लेख सामान्यतः १६७६ चा मानतात. ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी स्ट्रेनशॅम मास्टर याच्या रोजनिशीत, कंपनीच्या गलबतांवरील इंग्रज नोकरांसाठी ‘बंगेल्स’ अथवा झोपड्या उभाराव्यात, अशी नोंद आहे. यूल व बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश (१८८६) या शब्दाचे मूळ हिंदी व मराठी ‘बंगला’ असे देतो. बिहार व उत्तर हिंदुस्थानात युरोपीयांनी बांधलेल्या अशा घरांना हे नाव पडले असावे आणि तेथून ते खुद्द बंगालमध्ये परतले असावे, असा तर्कही त्यात मांडला आहे. प्रदेशावरून पडलेले नाव बहुधा त्या प्रदेशाबाहेर पडते, हे ध्यानात घेता हा तर्क अधिक पटण्याजोगा आहे; तथापि बंगालमध्येही साध्या दुपाखी झोपडीस ‘बांगला’ म्हणत, याची नोंद तोच कोश करतो.

इंग्रजी रूपातील अंत्य ‘ओ’ गुजराती ‘बंगलो’वरून आला, असे काही व्युत्पत्तिकार मानतात. मराठी घोडा, आंबा यांस गुजरातीत घोडो, आंबो म्हणतात, त्याच नियमाने बंगल्याचा बंगलो होतो. सुरतेस कंपनीची जुनी वखार होती, हेही या मतास अनुकूल आहे. मात्र १६७६ चे रूप बंगालमधील हुगळीकडचे असून त्यात हा ‘ओ’ नाही. तेव्हा गुजरातीने शब्दाला जन्म न देता केवळ त्याचा शेवट घडवला, एवढेच म्हणणे सुरक्षित ठरेल.

मूळ बंगाली झोपडीचे छप्पर बांबूचे व गवती असे. बांबू वाकवून आढे व वळचण कमानीसारखी करीत, त्यामुळे पावसाचे पाणी झटकन ओघळून जाई. हाच बाक बंगालमधील विष्णुपूरच्या जोडबांगला मंदिरात (१६५५) विटांत उतरला असून शाहजहानच्या आग्रा किल्ल्यातील वास्तूंतही तो दिसतो. कंपनीकाळातील बंगल्याने हा बाक सोडला आणि सभोवार व्हरांडा घेतला. त्याची मधली खोली व भोवतालची ओसरी ही रचना लष्करी तंबूवरून सुचली असावी, असेही एक मत आहे.

इंग्लंडमधील पहिले बंगले केंट परगण्यातील वेस्टगेट येथे समुद्रकाठी १८६९-७० च्या सुमारास उभे राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी कॅलिफोर्नियात मध्यमवर्गीयांची छोटी घरे या नावाने ओळखली जाऊ लागली. बॉन येथील जर्मन चॅन्सेलरचे (सरकारप्रमुखाचे) १९६४ चे पूर्वीचे निवासस्थान सपाट छताचे व मोठ्या काचेच्या भिंतींचे आहे. त्यालाही जर्मन लोक ‘बुंगालो’च म्हणतात.