ऑर्गन आणि हार्पसिकॉर्ड: पट्ट्या सारख्या, सूर वेगळे

गुस्ताव लेओनहार्ट या डच कलावंताची ओळख करून देताना तीन गोष्टी एका दमात सांगितल्या जातात: ऑर्गनवादक, हार्पसिकॉर्डवादक आणि जुन्या युरोपीय संगीताचे कंडक्टर. पहिल्या दोन गोष्टी ऐकणाऱ्याला एकच वाटतात. दोन्ही वाद्यांना काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, दोन्ही जुन्या काळातली, दोन्हींवर बाख या जर्मन संगीतकाराच्या रचना वाजवतात. मग दोन नावं कशाला?

मराठी माणसाच्या बाबतीत आणखी एक घोटाळा होतो. ऑर्गन म्हटलं की आपल्याला संगीत नाटकाची साथ आठवते. त्या ऑर्गनमध्ये पायाने भाता चालवायचा आणि आत धातूच्या पातळ जिभा थरथरायच्या. म्हणजे तो आपल्या पेटीचाच थोरला भाऊ. लेओनहार्ट वाजवत तो चर्चमधला पाइप ऑर्गन. त्यात हजारो नळ्या असू शकतात आणि पट्टी दाबली की वारा नळीत शिरतो. त्यातल्या बहुतेक नळ्या बासरीसारख्या किंवा शिट्टीसारख्या बोलतात. नेहमीच्या सुराच्या रांगेत सगळ्यांत खालच्या पट्टीची नळी आठ फूट लांब. सोळा फुटी रांग घेतली की सूर एक सप्तक खाली उतरतो. खर्जाच्या सुरांसाठी पायाखाली वेगळ्या पट्ट्या असतात. हे वाद्य चर्चच्या इमारतीचाच भाग असतं.

हार्पसिकॉर्डचं नातं वाऱ्याशी नाहीच, ते तारेशी आहे. पट्टी दाबली की लाकडाची एक उभी काडी वर उचलली जाते आणि तिच्यातलं पिसाचं टोक तार छेडतं. आजकाल पिसाऐवजी बऱ्याचदा प्लास्टिक असतं. सतारीला नखी असते तसंच हे, फक्त प्रत्येक तारेला आपली वेगळी नखी. पियानोत तारेवर हातोडी पडते, त्यामुळे तो संतूरच्या जवळचा. हार्पसिकॉर्डला पियानोचा आजोबा म्हणतात ते मला म्हणूनच पटत नाही.

आता खरा फरक. ऑर्गनचा सूर पट्टी दाबलेली असेपर्यंत त्याच ताकदीने उभा राहतो. हार्पसिकॉर्डचा सूर छेडल्या क्षणापासून विरायला लागतो. या एका गोष्टीमुळे हाताची सगळी शिस्तच बदलते. हार्पसिकॉर्डवर बोटं जरा जास्त वेळ दाबून ठेवली, एक सूर दुसऱ्यावर रेंगाळू दिला, तर नाद भरतो. तंबोऱ्याच्या तारा एकमेकींत मिसळतात तसा. स्वरसमूह एकदम न वाजवता खालून वर एकेक सूर उलगडत नेला की तो गातो. हीच सवय ऑर्गनवर नेली तर मोठ्या चर्चमध्ये सगळा गाळ होतो, कारण तिथे भिंतीच सुराला कितीतरी वेळ धरून ठेवतात. ऑर्गनवादकाचं कौशल्य बोट कधी उचलायचं यात असतं. दोन सुरांमधली फट किती ठेवायची, हे त्याला त्या त्या इमारतीला विचारून ठरवावं लागतं.

व्यवसायही त्यामुळेच वेगळे. ऑर्गनवादकाचं नातं बहुधा एखाद्या चर्चशी जडतं, रविवारची उपासना ठरलेली. परगावी गेला तर त्याला तिथल्या अनोळखी वाद्याशी तासन्‌तास ओळख करून घ्यावी लागते. लेओनहार्ट ॲमस्टरडॅमच्या वाल्से चर्चचे ऑर्गनवादक होते. तिथला ऑर्गन क्रिस्टियान म्युलरने १७३४ मध्ये बांधलेला. पुढे ते त्याच शहरातल्या न्यूवे चर्चमध्ये वाजवू लागले. हार्पसिकॉर्डवादक मात्र पुष्कळदा वाद्य घेऊन फिरतो आणि ते सुरात लावतोही स्वतःच. हवा जरा बदलली की तारा उतरतात.

लेओनहार्ट १९२८ मध्ये जन्मले. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या स्कोला कँटोरम या जुन्या संगीताच्या शाळेत ते दोन्ही वाद्यं शिकले आणि १९५० मध्ये व्हिएन्नात बाखची ‘आर्ट ऑफ फ्यूग’ वाजवून हार्पसिकॉर्डवादक म्हणून लोकांसमोर आले. ही रचना कोणत्या वाद्यासाठी आहे हे बाखने लिहिलेलंच नाही. ती हार्पसिकॉर्डचीच आहे असं त्यांनी १९५२ मध्ये सविस्तर मांडलं. त्यांच्या आधीच्या पिढीत वांदा लांदोव्स्का लोखंडी चौकटीच्या भारी हार्पसिकॉर्डवर वाजवत. त्या बाईंनीच हे वाद्य पुन्हा मैफलीत आणलं, ते ऋण मोठं आहे. लेओनहार्ट मात्र जुन्या वाद्यांकडे आणि त्यांच्या बरहुकूम प्रतिकृतींकडे वळले. ब्रेमेनच्या मार्टिन स्कोव्रोनेक या वाद्यकाराने त्यांच्यासाठी अशी वाद्यं घडवली. लाकूड हलकं झालं आणि त्यांच्या वादनात श्वास आला, असं मला ऐकताना नेहमी वाटतं.

आणि कंडक्टर? इथे दोन्ही वाद्यांचं एक साम्य कामाला येतं. जुन्या ऑर्गनवर काय किंवा हार्पसिकॉर्डवर काय, बोट जोरात मारल्याने सूर मोठा होत नाही. एखाद्या सुरावर वजन द्यायचं तर तो कणभर उशिरा आणायचा किंवा त्याआधी किंचित शांतता ठेवायची, एवढंच हाती उरतं. आयुष्यभर असा काळाशी खेळणारा माणूस वाद्यवृंदापुढे उभा राहिला की तीच नजर सगळ्यांना देतो. शिवाय बाखच्या काळात कंडक्टरची वेगळी जागा नव्हती. पट्ट्यांपाशी बसून किंवा व्हायोलिन हातात घेऊन मेळ सांभाळायचा. खर्जाच्या ओळीवर अंकांच्या खुणा असतात आणि त्यावरून वादक तिथल्या तिथे स्वर भरत जातो. हे काम बाखच्या चर्चसंगीतात मुख्यतः ऑर्गनकडे, ऑपेरात हार्पसिकॉर्डकडे. ऑस्ट्रियन कंडक्टर निकोलाउस हार्नोनकूर्टबरोबर लेओनहार्टनी बाखच्या सुमारे २०० चर्च-कँटाटांचं, म्हणजे उपासनेत वाद्यांच्या साथीने गायच्या रचनांचं, ध्वनिमुद्रण वाटून घेतलं, तेही त्या काळच्या वाद्यांवर. १९७१ मध्ये सुरू झालेलं हे काम जवळपास दोन दशकं चाललं. १९८० मध्ये दोघांना मिळून नेदरलँड्सचा इरास्मुस पुरस्कार मिळाला. लेओनहार्टचे शिष्य टॉन कोपमन यांनी पुढे हीच तिहेरी वाट धरली आणि १९७९ मध्ये ॲमस्टरडॅम बरोक ऑर्केस्ट्रा उभा केला.

लेओनहार्टची शेवटची मैफल डिसेंबर २०११ मध्ये पॅरिसला झाली, हार्पसिकॉर्डवर. पुढच्याच महिन्यात ते गेले. त्यांची दोन्ही वाद्यांवरची ध्वनिमुद्रणं सहज मिळतात. डोळे मिटून एखाद्या रचनेचा शेवटचा सूर ऐका. ऑर्गनवर तो हात उचलेपर्यंत अढळ असतो आणि नंतर काही क्षण चर्च गात राहतं. हार्पसिकॉर्डवर बोट अजून पट्टीवर असतं, आणि सूर केव्हाच विरायला लागलेला असतो.